दोन किलोच्या जहाजाचा रिगर

दामू,

तू गेल्याचं कळलं त्या दिवशी आमच्या पडवीतल्या जहाजाची मधली डोलकाठी मला वाकलेली दिसली. आता लोक म्हणतील, मास्तरांचं आपलं काहीतरी. ती आधीपासूनच वाकत असणार, माझं लक्ष त्या दिवशी गेलं. पण एकदा लक्ष गेल्यावर मला दुसरं काही दिसेना. तिच्यामागे भिंतीवर मी पेन्सिलीने एक उभी रेघ ओढून ठेवली. दुसऱ्या दिवशी काठी आणि रेघ यांच्यामध्ये फट होती. पुढे ती रुंदावत गेली. त्या रेघेवरून घरात मला बोलणी बसली ती वेगळीच. "आत्ता दिवाळीत रंग दिलाय भिंतीला!" मी म्हटलं, "अगं, जहाज कलतंय." आमची ही म्हणाली, "मग उतरा त्यातून."

तू असतास तर हसला असतास. आणि हसून झाल्यावर तोंड गंभीर करून दोरांपाशी कान नेला असतास. तू सगळं आधी ऐकायचास आणि मग बघायचास. "मास्तर, तुटायच्या आधी दोर बोलतो," असं तू पहिल्याच आठवड्यात मला बजावलं होतंस. तुझा लोखंडी दोर बोलत असेल. आपला मेण चोळलेला सुती दोरा काय बोलणार, असं मला वाटायचं. हल्ली सकाळी पडवीत चहा घेऊन बसलो की मी कप खाली ठेवून ऐकत बसतो. आभाळ भरून येतंय, हवा दमट झालीय, आणि दमट हवेत सुती दोरा आखडतो. तू एकाच बाजूचे दोर बांधून निघून गेलास, दामू. दुसरी बाजू मोकळीच आहे.

त्या भांडणाबद्दल लिहायचं म्हणून बसलोय. तुझी पोर शीतल क्रेनच्या केबिनमध्ये बसायला निघाली होती आणि तू नाही म्हणत होतास. भांडण तेवढंच. ते अर्धं टाकून तू गेलास आणि उरलेलं अर्धं माझ्या गळ्यात आलं.

पण माझ्या फजितीपासून सुरुवात केली नाही तर तूच म्हणशील, मास्तर, तब्येत बरी हाय ना?

निवृत्तीच्या समारंभात भाषणाच्या भरात मी ठोकून दिलं होतं की लहानपणापासून मला जहाजांच्या प्रतिकृती करायचा नाद, फक्त नोकरीपायी राहून गेला. खरं सांगायचं तर मी केलेली कागदाची होडी पाण्यात पडायच्या आधीच बुडालेली दिसायची. मुलाने मात्र भाषण मनावर घेतलं आणि पुण्याहून एक भलंमोठं खोकं पाठवलं. तीन डोलकाठ्यांचं शिडाचं जहाज! लाकडी फासळ्या, पट्ट्या, इवल्याशा पितळी तोफा, दोऱ्याची रिळं आणि इंग्रजी पुस्तिका. सांगाडा मी आपला आपणच उभा केला. सुकाणू लावायला गेलो तेव्हा ते जहाजाच्या नाकावर बसायला लागलं, तेव्हा कळलं की पुढचं मागे आणि मागचं पुढे झालंय. सगळं उकललं. पुन्हा केलं. त्यात माझी करंगळी डेकला चिकटली आणि मी दुपारभर जहाज मांडीवर घेऊन बसलो, ते सोड.

पुढचं प्रकरण होतं 'रिगिंग', चित्रात डोलकाठ्यांना बांधलेले नुसते दोरच दोर. शब्दकोश उघडायचा माझा स्वभाव नाही, मी माणसांना विचारतो. स्टेशनजवळच्या टपरीवर विचारलं, "रिगर कुठे मिळेल हो?" चहावाला गाळणी झटकत म्हणाला, "डोलवीला जा की, लोखंडाच्या कारखान्यात. दोर लावून अवजड माल उचलनारे, तिथं ढिगानं हायत."

मी गेलो. शिफ्ट सुटली होती, माणसं हेल्मेट काखेत मारून नाक्यावर चहाला थांबली होती. वर्गात विचारावं तसं मी खणखणीत आवाजात विचारलं, "तुमच्यात रिगर कोण?" बरेच हात वर झाले. सगळ्यात पुढे तू.

"काम काय हाय?"

"जहाजाचं."

"बार्ज हाय काय? जेट्टीवर?"

"नाही, माझ्या घरी आहे. रोह्याला."

तू चहाचा ग्लास खाली ठेवलास. "रोह्याला घरी जहाज? किती टन?"

मी प्रामाणिकपणे सांगितलं, "दोनेक किलो भरेल. तोफा धरून."

त्यानंतरचं हसणं मला अजून ऐकू येतं. एकाच्या नाकातून चहा आला. तू हसला नाहीस. डोळे बारीक करून विचारलंस, "दोन किलोला दोर किती?" मी म्हटलं, शंभराच्या वर. तू बाकीच्यांकडे वळून म्हणालास, "हसताय काय? दोन किलोला शंभर दोर लागतात, म्हंजे आत कायतरी भारी असनार!"

आणि सुट्टीच्या दिवशी हमरापूरहून गाडी पकडून तू खरोखरच आलास. पिशवीत दीड वीत लांबीचा लोखंडी शॅकल, तुमची ती दोर अडकवायची कडी. तो बाहेर काढून जहाजाशेजारी ठेवलास. शॅकल जहाजापेक्षा जड होता. तू दोघांकडे आळीपाळीने पाहिलंस आणि म्हणालास, "हा नाय चालनार."

तुला शिडाच्या जहाजाचं ओ की ठो ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं, पण मी ते कबूल करत होतो. तू मरेपर्यंत केलं नाहीस. तू वरून खाली बांधत आलास, मग कळलं की खालून वर बांधायचं असतं, तेव्हा तू सगळं तोडलंस आणि जाहीर केलंस, "पुस्तक चुकलंय." त्या तीन भोकांच्या लाकडी टिकल्यांमधून दोरा ओवताना तू इतक्या शिव्या घातल्यास की आमच्या हिने पडवीचं दार लावून घेतलं. तरी तुझ्या हातातला ताण कधी चुकला नाही. दोऱ्यावर बोट ठेवून तू म्हणायचास, "ही बाजू ओढली की ती बाजू बी ओढायची. काठी मधी उभी र्‍हाते ती दोघांच्या भांडनावर." या वाक्यावर मी शाळेत सुविचार म्हणून फळा भरला असता. पण तू ते बोलून लगेच नाक शिंकरलंस, त्यामुळे राहिलं.

मला तू सिग्नल शिकवलेस. वरचं आडवं लाकूड चढवताना मी स्टुलावर चढून दोरा धरायचा आणि तू खालून हात करायचास. बोट वर, ओढा. तळवा खाली, सोडा. मूठ, थांबा. मी मूठ बघून सोडायचो. लाकूड धाडकन डेकवर. तू शिट्टी फुंकायचास. घरात, पडवीत, दोन किलोच्या जहाजासाठी खरी शिट्टी! "मास्तर! मेला तो!" "कोण?" "खाली हुबा हुता तो!" डेकवर कोणीही नव्हतं. खोक्यात प्लास्टिकचे खलाशी होते, ते आपण अजून चिकटवलेलेही नव्हते. पण तू त्या रिकाम्या जागेकडे असं बघितलंस की मी स्टुलावरून खाली उतरलो.

त्याच दुपारी तू ती गोष्ट सांगितलीस. हातातल्या दोऱ्याला मेण चोळत, एकाच जागी, पुन्हा पुन्हा. तू तरुण असताना लांब कुठेतरी कामावर होतास. आता ते ठिकाणही राहिलेलं नाही. दोर बोलला. तू ऐकलंस, शिट्टी मारलीस, बाकीचे पळाले. एकाला ऐकू गेलं नाही, ओझं त्याच्यावर आलं. मी विचारलं, "वर क्रेनवर होता त्याचं काय झालं?" मला वाटलं, नोकरी गेली वगैरे म्हणशील. तू म्हणालास, "तेची काय चूक नव्हती. सगळ्यांनी सांगितला तेला, तुजी चूक नाय. पन वरच्याला खालचा मानूस दिसत नाय मास्तर, फकस्त हात दिसतो. तेला शेवटचा दिसला तो हात. तो मानूस नंतर भेटला मना एकदा, बाजारात. भाजी घेत हुता. बोलला, हसला. पन मना कळला, हा अजून खाली उतरलाच नाय." आणि मग मेणाचा गोळा खाली ठेवून, "खालचा एकदाच मरतो."

तेव्हा शीतलचा विषय नव्हता. पण तुझं 'नाय' कुठून आलं हे मला माहीत होतं, हे ध्यानात घे. माहीत असून मी भांडलो.

तिची निवड झाली, तेव्हा पेढे घेऊन तीच आली रोह्याला. डिप्लोमा झालेली पोर, क्रेनच्या ट्रेनिंगला मुलींना घेतायत म्हणून अर्ज केला आणि तोंडी परीक्षेत सगळ्यांच्या पुढे. पेढा तोंडात असताना मी विचारलं, "बाबा काय म्हणाले?" ती म्हणाली, "बाबा जेवले नाहीत."

पुढच्या सुट्टीला तू आलास, मधल्या डोलकाठीची उजवी बाजू बांधायला घेतलीस आणि मी माझं व्याख्यान सुरू केलं. मुली आता विमानं चालवतात, इथपासून निघालो. तू गाठी मारत होतास. पोरीने नाव काढलं, तू पायात पाय घालतोस. तू गाठी मारत होतास. मग मी म्हटलं, "तुझ्या भीतीचं ओझं तिने का वाहायचं?" वाक्य चांगलं होतं. मला स्वतःलाच आवडलं. तू उजव्या बाजूची शेवटची गाठ आवळलीस, कात्री घेऊन दोऱ्याचं टोक कापलंस आणि विचारलंस, "तुमचा पोरगा कुठं बसतो मास्तर?"

"पुण्याला. ऑफिसात."

"एसीत?"

"हो."

"मंग बोला. बोला तुमी."

कात्री जागेवर ठेवलीस. चपला घातल्यास. डाव्या बाजूचे दोर रिळावर तसेच. मी अंगणापर्यंतही आलो नाही, कारण मला वाटलं पुढच्या सुट्टीला येशीलच. जाऊन जाऊन जाणार कुठे, तुझं जहाज माझ्याकडे अडकलंय!

आला तो तुझा फोन. नमस्कार नाही, काही नाही. "उजवी बाजू सैल केली काय?" मी म्हटलं, "तू ये आणि कर." "एकटी बाजू ठेवू नका ताणून. वाकेल ती." मी म्हटलं, "वाकू दे."

हे आपलं शेवटचं बोलणं, दामू. इतकी वर्षं मराठी शिकवली, हजारो मुलांना निबंध लिहायला लावले, आणि जिवाभावाच्या माणसाशी शेवटचे दोन शब्द बोलायची वेळ आली तेव्हा 'वाकू दे'! तू नाक्यावर बसची वाट बघत बाकावर बसलास आणि बसल्या बसल्या गेलास. शेजारच्याला वाटलं, डोळा लागलाय. त्याने तुझी बस आली म्हणून तुला हलवलं.

हमरापूरला आलो. तुझ्या घराला लागून वहिनींचा कारखाना. आत गणपती रांगेने उभे, मातीच्या रंगाचे, आखणी न झालेले, डोळ्यांच्या जागी नुसते उंचवटे. यंदाचं काम तुझ्यामुळे थांबलं होतं. भेटायला आलेले लोक त्या मूर्तींच्या मधल्या वाटेत सतरंजीवर बसले होते. एरवी मी अशा ठिकाणी काहीतरी बरळतो. त्या दिवशी त्या सगळ्या न उघडलेल्या डोळ्यांसमोर मी सतरंजीची सुतं मोजत बसलो. तुझं हेल्मेट खुंटीवर टांगलेलं होतं आणि पंख्याच्या वाऱ्याने ते हलत होतं. कोणी ते काढून ठेवत नव्हतं.

वहिनींनी मला मागच्या दाराशी बोलावलं. पदराने हात पुसत हळूच म्हणाल्या, "भावजी, येक काम करा. शीतलला सांगा, ते तुमच्याकडं हो बोलले हुते म्हनून. जा बोलले हुते म्हनून."

"तो म्हणाला नव्हता, वहिनी."

"मना काय म्हाईत नाय? मी वाढलेल्या ताटावरनंच उठले ते." मग तोंडाला पदर लावून, "पोर बोलते, मी हट्ट केला म्हनून बाबा गेले. कामावर जायची तारीख आलीय तिची. असा मन घेऊन ती वर बसली तर कसा व्हायचा? तुमी मास्तर हाव. तुमचा ऐकंल ती."

गाडीत मी तालीम केली. तुला माझी तालीम माहीत आहे. ज्या समारंभात मी दोन मिनिटं बोलतो म्हणून उठलो तिथे लोकांनी घड्याळं काढून ठेवली आहेत. पण हे खोटं लहान होतं आणि चांगल्या कामासाठी होतं. 'दामू म्हणाला, जाऊ दे पोरीला.' बस्स. पेण गेलं, नागोठणं गेलं, मी ते ओठांत घोळवत होतो. आणि प्रत्येक वेळी मला बाजारात भाजी घेणारा तो माणूस दिसत होता. मी हो म्हणालो आणि उद्या काही झालं तर? नाही म्हणालो आणि ती मन मोडून घरी बसली तर? कुठलाही दोर ओढला तरी काठी वाकणार होती.

रविवारी शीतल तुझे चिमटे आणि पक्कड न्यायला आली. सरळ पडवीत गेली. जहाजाकडे तिने पाहिलं, मग भिंतीवरच्या रेघेकडे. "हे काय काका?"

"तुझ्या बाबांचं अर्धं काम. मी डावी बाजू ओढून घेणार होतो, पण म्हटलं माझ्या हातून..."

"ओढू नका!" ती इतकी पटकन म्हणाली की मी हात मागे घेतला. "वाकलेलीला दुसरीकडून ओढलं तर मोडेल. आधी ताण उतरवायचा." तिने खुर्ची ओढली, तुझ्यासारखीच जीभ दातांत धरली आणि उजवीकडच्या गाठी एकेक करून सैल करायला घेतल्या. तुझ्या गाठी. मला वाटलं, कापेल. कापल्या नाहीत. सुईने उकलत गेली. काठी मागे आली, पण पुरती नाही. थोडा बाक राहिलाच. ती म्हणाली, "राहू दे. लाकडाला सवय झालीय."

मग जहाजाकडे बघतच तिने विचारलं. "काका, बाबा तुमच्याकडे शेवटी काय म्हणाले? माझ्याबद्दल?"

मी घसा साफ केला. "हे बघ बाळा. दामू मला म्हणाला, जाऊ दे पोरीला."

"कधी?"

"इथेच. गेल्या... म्हणजे त्या रविवारी."

"त्या रविवारी बाबा घरी होते. आईला गणपती उचलून देत होते."

"मग फोनवर असेल."

"फोनवर काय म्हणाले? तसंच्या तसं सांगा."

"म्हणाला, शीतलला माझा आशीर्वाद आहे."

तिने मान वर केली. "बाबा? आशीर्वाद म्हणाले?"

दामू, तिथे मी हरलो. जन्मभर दुसऱ्यांच्या उत्तरपत्रिका तपासल्या, पण तुझ्या तोंडी कुठला शब्द शोभतो एवढं मला जमलं नाही. तो शब्द तू आयुष्यात कधी उच्चारला नसशील. तिचे डोळे भरले होते आणि ओठ हसत होते, आणि त्या दोन्हीच्या मध्ये सापडून मी खरं बोललो. सगळं. शेवटपर्यंत तू नाहीच म्हणत होतास. एसीचं बोललास. सैल करा म्हणालास ते फक्त जहाजाबद्दल. आणि त्या लांबच्या कामावरच्या माणसाची गोष्टही सांगितली, वरून कधीच न उतरलेल्याची. ती तू तिला कधी सांगितली नव्हतीस, हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं. सांगत असताना मला वाटत होतं की मी आत्ता, या क्षणी, काहीतरी मोडतोय.

बाहेर आभाळ गच्च दाटलं होतं. पक्कड पिशवीत टाकत ती म्हणाली, "मग बरं झालं."

"काय बरं?"

"हो म्हणाले असते तर मला भीती वाटली असती, काका. बाबा कंटाळून हो म्हणाले, असं झालं असतं ते. म्हणजे त्यांनी माझ्याकडे बघायचंच सोडलं." पिशवीचा बंद तिने दोनदा ओढून पाहिला. "आईला मात्र सांगा, तुम्ही बोललात तिने सांगितलं तसं."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"तुम्ही घसा साफ केलात तेव्हाच."

आज तिची पहिली शिफ्ट. आधी काही महिने जुन्या ऑपरेटरच्या शेजारी बसून शिकायचं, मग एकटीने. सकाळी मी पहिल्या गाडीने पेणला गेलो, तिथून वडखळच्या नाक्यावर, तिची बस येते तिथे. तिला भेटायला नव्हे, असंच. रस्त्याच्या पलीकडे, केळीवाल्याच्या आडोशाला उभा राहिलो. तिने मला पाहिलं बहुतेक, पण ओळख दिली नाही. एवढ्या वयाच्या माणसाने केळीच्या घडामागे लपायचं म्हणजे समोरच्याने काय ओळख द्यावी? बस आली. ती चढली. खिडकीत बसली आणि पुढे बघत राहिली. धुळीत बस दिसेनाशी झाली तरी मी उभा होतो. केळीवाला म्हणाला, "घ्यायची हायत की नुसता वास?"

आता घरी येऊन हे लिहितोय. दुपार झालीय, फोन आलेला नाही, आणि तो येऊही नये; कामावर असताना फोनला हात लावू नये हे तूच सांगायचास. आमच्या हिने तिला शाबास म्हटलं, गल्लीने म्हटलं, पुण्याहून पोराने अंगठा पाठवला. मीही कौतुकाने चार वाक्यं बोललो. आम्ही सगळे हो म्हणून मोकळे झालो, दामू. तिथे वर, लोखंडाच्या त्या झुलत्या ओझ्याच्या मागे, तिला आमच्या 'हो'चा काडीचा उपयोग नाही. खाली कोणी उभं आहे का हे विसरायला लावेल असलं गोड बोलणं आमचं. तेव्हा तू जिथे असशील तिथे मवाळ होऊ नकोस. मेल्यावर माणसं शहाणी होतात, क्षमा करतात, असलं काही करू नकोस. पोर रडली तरी विरघळू नकोस. ती वर असेल तोवर, रोज, प्रत्येक शिफ्टला, तू आपला तसाच नाक फुगवून म्हणत राहा.

नाय.